एकच सिरीयल पोर्ट, त्यावर मीटरही आणि डीबगही: फोरजी टर्मिनलचे मेसेज कुठे आणि कसे वळवायचे

नमस्कार. तुमचा प्रश्न मला असा समजला. चिंचोळी एमआयडीसीत तुम्ही पंपांची कंट्रोल पॅनेल जोडता आणि ती मंगळवेढा-सांगोला भागातल्या शेतांवर बसतात. पॅनेलमध्ये लिनक्सवर चालणारं फोरजी टर्मिनल आहे, त्याला बाहेर नऊ पिनांचं एकच आरएस-२३२ पोर्ट आहे. त्या पोर्टला आरएस-४८५ कन्व्हर्टर लावून तुम्ही एनर्जी मीटर मॉडबसवर (मीटरशी बोलायची ठरलेली भाषा) ९६०० बॉडने (सिरीयलचा वेग) वाचता. टेबलावर सगळं नीट चालतं. शेतावर मात्र मधूनमधून सीआरसी एरर (फ्रेमच्या शेवटचा तपासणीचा आकडा न जुळणं) येते, आणि वीज जाऊन आली की एखादं टर्मिनल उठतच नाही. पोर्टवर टर्मिनलचे डीबग मेसेजही येतात हे तुमच्या लक्षात आलं, आणि ते दुसरीकडे वळवायचे कसे हे तुम्ही विचारलं आहे.

तुमच्या प्रोग्रॅममधले प्रिंटएफ (मेसेज छापणाऱ्या ओळी) दुसरीकडे नेले की काम झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या पोर्टवर लिहिणारा तुमचा प्रोग्रॅम एकटा नाही. बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा पहिला प्रोग्रॅम), कर्नल (लिनक्सचा गाभा), लॉगिन विचारणारा गेटी आणि तुमचा प्रोग्रॅम असे चार जण एकाच तारेवर बोलतात. प्रत्येकाला गप्प करायची जागा वेगळी आहे. एक जरी राहिला तरी एरर कमी होतात, थांबत नाहीत.

टेबलावर का चालतं, तेही पाहा. टेबलावर सिग्नल चांगला असतो आणि सप्लाय स्थिर असतो, त्यामुळे कर्नलला सांगण्यासारखं काही नसतं. शेतावर पंप सुरू होताना व्होल्टेज बसतं, आतला मॉडेम यूएसबीवरून सुटतो, पुन्हा जोडला जातो. दर वेळी कर्नल पाच-सात ओळी कन्सोलवर, म्हणजे मेसेजसाठी ठरवलेल्या पोर्टवर, टाकतो. त्याच क्षणी मीटर उत्तर देत असेल तर आपोआप दिशा बदलणारा कन्व्हर्टर टर्मिनलच्या बाजूने बस (मीटरची सामायिक दोन तारांची लाइन) ताब्यात घेतो, मीटरचं उत्तर मधेच चिरडलं जातं आणि सीआरसी चुकतो. म्हणून पोर्ट शांत करा, पण ते मेसेज फेकून देऊ नका. मॉडेमचा सप्लाय कमी पडतोय, ही खरी खबर त्या ओळींतच आहे.

काही गोष्टी तुमच्या टर्मिनलवर अवलंबून आहेत. रूट (सगळे अधिकार असलेलं) लॉगिन मिळतं का, यू-बूट (हाच तो बूटलोडर) कुठल्या पर्यायांसह बनवलंय, बाकीचे प्रोग्रॅम सुरू करायला आत बिझीबॉक्सचा इनिट आहे की सिस्टमडी, आणि बोर्डावर दुसरा यूआर्ट (सिरीयल पोर्टची चिप) बाहेर काढलाय का. रूटच मिळत नसेल तर तुमच्या हातात फक्त तुमचा प्रोग्रॅम उरतो. मग कंपनीकडून कन्सोल हलवलेलं फर्मवेअर मागून घ्या, नाहीतर दोन पोर्टांचं मॉडेल घ्या. खालच्या कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे रोमनमध्येच टाइप करायच्या.

आधी परतीची वाट. सिरीयल कन्सोल बंद केल्यावर आत शिरायला एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) हा एकच रस्ता उरतो. ते इथरनेटवरून चालतंय, पॉवर बंद-चालू केल्यावरही चालतंय, याची खात्री झाल्याशिवाय पुढे काहीही बदलू नका. शक्य असेल तर झाकण उघडून बोर्डावर तीन किंवा चार पिनांचं डीबग हेडर आहे का बघा. बहुतेक बोर्डांवर असतं. ते ३.३ व्होल्टचं टीटीएल (चिपच्याच व्होल्टेजवरचं सिरीयल) असतं, काही ठिकाणी १.८ व्होल्टचंही. त्याला आरएस-२३२ केबल थेट लावली तर चिप जळते. मल्टीमीटरने व्होल्टेज मोजून त्याच लेव्हलचा यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर घ्या. असं हेडर मिळालं आणि वापरता आलं तर सगळ्यात स्वच्छ उपाय तोच: बाहेरचं पोर्ट मीटरला, आतलं हेडर कन्सोलला.

आता लिहिणारे कोण कोण आहेत ते मोजा. ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ दिल्यावर कर्नलला कुठलं कन्सोल दिलंय ते दिसतं, आणि ‘कॅट /प्रॉक/कन्सोल्स’ ने प्रत्यक्ष कुठलं चालू आहे ते. ‘फ्यूझर /डेव्ह/टीटीवायएस०’ ने (टीटीवायएस० हे आपल्या पोर्टचं लिनक्समधलं नाव धरलंय) कुठल्या प्रोसेसनी पोर्ट उघडलंय त्यांचे नंबर मिळतात. इथे एक फसगत होते. फ्यूझरला फक्त प्रोसेस दिसतात, कर्नल दिसत नाही. फ्यूझर रिकामं आलं म्हणून पोर्ट मोकळं समजू नका, कन्सोल्सची यादी बघितलीच पाहिजे.

टर्मिनल उठत नाही, या तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं मूळ मला बूटलोडरमध्ये दिसतं. यू-बूट सुरू होताना काही सेकंद थांबतो आणि पोर्टवर एखादं अक्षर आलं तर बूट थांबवून आपल्या प्रॉम्प्टवर बसतो. मॉडबसमध्ये मीटर विचारल्याशिवाय बोलत नाही, मग अक्षर येतं कुठून? दोन ठिकाणांहून. दोन तारांचे बरेच आरएस-४८५ कन्व्हर्टर आपण पाठवलेलंच आपल्याला परत ऐकवतात, म्हणजे यू-बूटने छापलेलं बॅनर त्याच्याच कानावर येतं आणि कुणीतरी की दाबली असं त्याला वाटतं. दुसरं म्हणजे बायस रेझिस्टर (शांत बस एका पातळीवर धरून ठेवणारे) नसलेली बस. कोणीच बोलत नसताना तिच्या दोन तारा तरंगत राहतात आणि शेजारच्या स्टार्टरचा कॉन्टॅक्टर पडला की त्यावर खोटी अक्षरं उमटतात. फीडरवर वीज परत येते तेव्हा पंपाचा ऑटो स्टार्टर आणि तुमचं टर्मिनल जवळपास एकाच वेळी जागे होतात, त्यामुळे नेमक्या त्याच सेकंदांत हा त्रास होतो.

यावर यू-बूटमध्ये ‘बूटडिले’ नावाचं व्हेरिएबल आहे. ते उणे २ ठेवलं तर यू-बूट न थांबता, पोर्टकडे न बघता थेट बूट करतो. शून्य ठेवलं तर वेळ जात नाही, पण आधीच आलेलं अक्षर तो बघतो, म्हणजे धोका राहतोच. आणि उणे १ चा अर्थ अगदी उलटा आहे: आपोआप बूट करूच नको. उणे १ टाकून टर्मिनल शेतावर लावलं तर ते कधीच उठणार नाही. हा आकडा टाकताना दोनदा वाचा.

चालू लिनक्समधून हे बदलायचं तर ‘एफडब्ल्यू_सेटएन्व्ह -- बूटडिले -२’ अशी कमांड असते (‘--’ नसेल तर ‘-२’ हा कमांडचा पर्याय समजला जातो). पण त्याआधी ‘एफडब्ल्यू_प्रिंटएन्व्ह’ चालवा. त्यात सीआरसी खराब आहे, डीफॉल्ट एन्व्हायर्नमेंट (यू-बूटच्या व्हेरिएबलचा संच) वापरतोय अशी चेतावणी आली तर तिथेच थांबा. त्याचा अर्थ बहुधा असा की ‘ईटीसी’ मधल्या कॉन्फिग फाइलमध्ये फ्लॅशचा पत्ता चुकलाय. अशा अवस्थेत सेटएन्व्ह चालवलं तर भलत्या जागी भलतंच लिहिलं जातं आणि टर्मिनल कायमचं पडू शकतं. पत्ता बरोबर आहे, व्हेरिएबल खरी दिसतायत, मगच लिहा. उणे २ केल्यावर सिरीयलवरून यू-बूट थांबवता येत नाही, हेही मान्य करूनच ते करायचं. स्वतः यू-बूट बांधता येत असेल तर ठरावीक शब्द टाइप केल्यावरच थांबेल अशी सोय त्यात आहे. मी तीच निवडेन, कारण त्यात खोटं अक्षर आडवं येत नाही आणि आपली वाटही बंद होत नाही.

यू-बूटचे स्वतःचे मेसेज बंद करायला ‘सायलेंट’ हे व्हेरिएबल १ करतात, पण ती सोय बिल्डमध्ये घेतलेली असेल तरच ते चालतं. नसेल तर फार चिंता करू नका. मीटरच्या दृष्टीने ११५२०० बॉडचं ते बॅनर म्हणजे निव्वळ कचरा, त्याचा सीआरसी जुळत नाही आणि मीटर दुर्लक्ष करतो. यू-बूट काय बोलतो यापेक्षा तो काय ऐकतो, हे जास्त महत्त्वाचं.

कर्नलकडे येऊ. बूट आर्ग्युमेंटमध्ये ‘कन्सोल=टीटीवायएस०,११५२००’ असं काहीतरी असेल. ते नुसतं खोडून उपयोग होत नाही. कन्सोल दिलंच नाही तर कर्नल डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन) ठरवलेलं किंवा पहिलं सापडलेलं पोर्ट स्वतःच धरतो, आणि ते बहुधा तेच निघतं. म्हणून त्याजागी दुसरं काहीतरी स्पष्ट लिहा. आतलं हेडर असेल तर ‘कन्सोल=टीटीवायएस१,११५२००’. नसेल आणि कर्नल पुरेसा नवा असून त्यात ती सोय घेतलेली असेल तर ‘कन्सोल=टीटीनल’, म्हणजे मेसेज कुठल्याच पोर्टवर जात नाहीत पण इनिटला उघडायला कन्सोल मिळतं. ‘अर्लीकॉन’ किंवा ‘अर्लीप्रिंटके’ असेल तर तेही काढा. ‘क्वाएट’ वर विसंबू नका, त्याने साधे मेसेज थांबतात, एरर मात्र छापल्या जातातच. बूट आर्ग्युमेंट बदलता येत नसतील तर सुरुवातीच्याच स्क्रिप्टमध्ये ‘डीमेसेज -एन १’ टाका. मग कर्नल अगदीच कोसळला तरच पोर्टवर लिहील. यातल्या कुठल्याही उपायात डीमेसेजचा बफर तसाच राहतो, मॉडेम सुटल्याच्या ओळी तिथे मिळतातच.

कन्सोल त्या पोर्टवर असताना आणखी एक गोष्ट घडू शकते, ती फार कमी जणांना माहीत असते. सिरीयल कन्सोलवर ब्रेक (एका अक्षरापेक्षा जास्त वेळ तार खालच्या पातळीवर राहणं) आला आणि त्यानंतर पाच सेकंदांच्या आत एखादं अक्षर आलं, तर कर्नल त्याला सिस-आरक्यू कमांड (कर्नलला थेट दिलेला आणीबाणीचा हुकूम) समजतो. ए आणि बी तारा उलट्या लागल्या किंवा बस तरंगत असली तर यूआर्टला सतत ब्रेक दिसतो. मागोमाग आलेलं अक्षर ‘बी’ निघालं तर टर्मिनल त्या क्षणी, फाइल सिस्टम बंद न करता रीबूट होतं. विनाकारण रीबूटच्या तक्रारी असतील तर ‘/प्रॉक/सिस/कर्नल/सिसआरक्यू’ मध्ये शून्य लिहा. कन्सोल दुसऱ्या पोर्टवर हलवलं की हा धोका आपोआप जातो.

गेटीचं काम सोपं आहे. बिझीबॉक्समध्ये ‘/ईटीसी/इनिटटॅब’ मधली टीटीवायएस० ची ओळ कॉमेंट करा आणि ‘किल -एचयूपी १’ द्या. ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरसाठीचं लिनक्स) ती ओळ ‘आस्कफर्स्ट’ किंवा ‘आस्ककन्सोल’ची असते. सिस्टमडी असेल तर ‘सिरीयल-गेटी@टीटीवायएस०’ ही सर्व्हिस मास्क करा, म्हणजे ती कुणालाच सुरू करता येणार नाही. नुसती डिसेबल करून भागत नाही, कारण कर्नलचं कन्सोल बघून सिस्टमडी ती दर बूटला पुन्हा तयार करतो. गेटी राहिला तर प्रतिध्वनी देणाऱ्या कन्व्हर्टरवर तो स्वतःचाच लॉगिन प्रश्न युजरनेम म्हणून वाचतो, पासवर्ड मागतो, चुकतो, पुन्हा विचारतो, आणि बस अखंड भरलेली राहते.

आता तुमचा प्रोग्रॅम. स्क्रिप्टमधून सुरू करत असाल तर आउटपुट आणि एरर दोन्ही वळवायला हवेत, आणि क्रम महत्त्वाचा आहे: आधी फाइलकडे वळवणं, नंतर ‘२>&१’. उलट लिहिलं तर एरर जुन्याच जागी जात राहतात. ‘लॉगर’ ला (सिसलॉगमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सामायिक लॉगमध्ये, लिहिणारी कमांड) पाइप केलं तर दोन गोष्टी होतात. एक, समोर टीटीवाय नसल्यामुळे सी लायब्ररी ओळीगणिक न लिहिता १ ते ४ केबी साठवून मग लिहिते. प्रोग्रॅम कोसळला तर शेवटच्या, म्हणजे नेमक्या हव्या असलेल्या ओळी बफरमध्येच मरतात. सुरुवातीला ‘सेटव्हीबफ’ ने लाइन बफरिंग लावा. दोन, लॉगर बंद पडला तर पुढच्या लिखाणाला तुमच्या प्रोग्रॅमलाच सिगपाइप (प्रोग्रॅम बंद पाडणारा सिग्नल) मिळतो आणि तोही जातो. म्हणून मी पाइपपेक्षा थेट ‘सिसलॉग’ फंक्शन वापरायला सांगतो. त्यात एरर, वॉर्निंग, इन्फो अशी प्रतही ठरवता येते, आणि पुढे काय साठवायचं हे त्यावरूनच निवडायचं आहे.

मेसेज वळवले तरी पोर्टची सेटिंग तपासाच. टीटीवायएस० मूळच्या अवस्थेत माणसाच्या टायपिंगसाठी असतं: आलेलं परत ऐकवतं, १३ चा बाइट १० करतं, १७ आणि १९ चे बाइट गिळून टाकतं. मीटरच्या उत्तरात योगायोगाने १३ आला की सीआरसी चुकतो, इतर वेळी बरोबर येतो, आणि दोष तारेला दिला जातो. ‘सीएफमेकरॉ’ फंक्शनने हे सगळं बंद होतं. पण ते पॅरिटीही (प्रत्येक बाइटमागचा तपासणीचा बिट) बंद करतं. तुमचं मीटर इव्हन पॅरिटीवर असेल तर पॅरिटी त्याच्यानंतर लावा, आधी लावली तर पुसली जाते.

मेसेज काढल्यावर वाचन उलट बिघडलं, असंही होतं. ९६०० वर ८० अक्षरांची ओळ जायला सुमारे ८३ मिलिसेकंद लागतात. तो वेळ दोन फ्रेममध्ये नकळत अंतर देत होता. मॉडबस आरटीयूला दोन फ्रेममध्ये किमान साडेतीन अक्षरांची शांतता लागते, ९६०० वर ती सुमारे ४ मिलिसेकंद. ती आता तुम्ही स्वतः द्या, आणि बऱ्याच मीटरांना त्याहून जास्त लागते, ५० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. दिशा तुम्हीच पिनने बदलत असाल तर आधी ‘टीसीड्रेन’ करा (सगळे बाइट जाईपर्यंत थांबणारं फंक्शन), नाहीतर शेवटचा बाइट अर्ध्यावर कापला जातो.

मॉडेमबद्दल थोडक्यात. क्वेक्टेल ईसी२५ सारख्या मॉड्यूलचे यूएसबीवर चार सिरीयल पोर्ट दिसतात, दुसरं कुठलं यूएसबी सिरीयल लावलेलं नसेल तर टीटीवाययूएसबी० डायग्नॉस्टिकचं, १ जीपीएसचं, २ एटी कमांडचं आणि ३ मॉडेमचं. यांचा तुमच्या मीटरच्या पोर्टशी संबंध नाही. फक्त दोन प्रोग्रॅम एकाच वेळी २ नंबर वाचत नाहीत ना ते बघा, ते एकमेकांची उत्तरं पळवतात. पीपीपी (मॉडेमवरून नेट जोडायची एक पद्धत) वापरत असाल तर ‘चॅट’ ला ‘-व्ही’ द्या, त्याचं बोलणं सिसलॉगमध्ये जातं. ‘एटी+सीएमईई=२’ ने एररचे आकडे न येता शब्द येतात.

राहिला प्रश्न, मेसेज ठेवायचे कुठे. सगळे रॅममध्ये: ‘सिसलॉगडी -सी६४’ म्हणजे ६४ केबीचा गोल बफर, ‘लॉगरीड’ ने वाचायचा. फ्लॅश झिजत नाही, जागा भरत नाही. पण वीज गेली की तो जातो, आणि शेतीच्या फीडरवर वीज जाणं रोजचंच आहे. म्हणून फक्त एरर प्रतीच्या ओळी फ्लॅशवरच्या छोट्या फाइलमध्येही लिहा, २०० केबीच्या दोन फाइल आलटून-पालटून पुरतात. सगळं फ्लॅशवर लिहू नका. टर्मिनल सुरू झाल्यावर नेटवर्क मिळेपर्यंत घड्याळ १९७० दाखवू शकतं, म्हणून प्रत्येक ओळीत अपटाइमचे सेकंदही घाला.

सर्व्हरवर पाठवायला ‘-आर’ पर्यायाने यूडीपी ५१४ वर सिसलॉग जातो आणि ‘-एल’ दिलं तर स्थानिक प्रतही राहते. त्यामुळे सांगोल्याच्या टर्मिनलची तक्रार आली तर तिथवर गाडी काढण्याआधी लॉग बघता येतो. हिशोब मात्र करा. १०० बाइटची ओळ आणि २८ बाइटचे हेडर, दर सेकंदाला एक ओळ धरली तर दिवसाला ११ एमबी, महिन्याला ३३० एमबी. मिनिटाला एकच ओळ ठेवली तर महिन्याला साडेपाच एमबी. शिवाय नेटवर्क गेलं की यूडीपी गुपचूप हरवतो, आणि नेटवर्क का गेलं हेच तर तुम्हाला हवं असतं. म्हणून मोबाइल नेटवर्कच्या मेसेजसाठी फ्लॅशवरची फाइल हाच खरा आधार, नेटवर्क आल्यावर ती पाठवा. आणि ‘लॉग पाठवता आला नाही’ ही ओळ कधीही त्याच वाटेने पाठवू नका, ती स्वतःलाच वाढवत जाते.

पॅनेल बाहेर पाठवण्याआधी दोन चाचण्या करा. मीटर काढून टर्मिनलला क्रॉस केबलने लॅपटॉप लावा, पुट्टी (सिरीयलवर आलेलं दाखवणारा प्रोग्रॅम) आधी ११५२०० वर आणि मग ९६०० वर उघडा, तुमचा प्रोग्रॅम बंद ठेवून पॉवर बंद-चालू करा. यू-बूटचं बॅनर सोडून एकही अक्षर दिसता कामा नये. मग मॉडेमचा अँटेना काढा-लावा, सिम काढा-घाला. तरीही शांतता हवी. दुसरी चाचणी अधिक कडक: नऊ पिनांतल्या २ आणि ३ नंबरच्या पिन तारेने जोडून टाका, म्हणजे टर्मिनलला आपलाच आवाज ऐकू येईल, आणि दहा वेळा पॉवर बंद-चालू करा. दहाही वेळा उठलं तर बूटलोडरचा प्रश्न सुटला. एकदाही अडकलं तर बूटडिलेकडे परत जा.

या दोन्ही चाचण्या पास होऊनही शेतावर सीआरसी एरर येत राहिली तर डीबगचा दोष संपला, तारेकडे बघा: बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर, एकाच जागी बायस, पिळलेली जोडतार, तिचं शील्ड एकाच टोकाला अर्थ, आणि मोटरच्या केबलपासून तिला वेगळा पाइप.